करार आहे, पण साक्षीदार कुठे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार घ्या, असे सूरह बकराच्या 282व्या आयतीत सांगितले आहे. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या करारांबद्दल वाचताना मला हीच आयत आठवते. साक्षीदार नसला की काय होते, याचे उदाहरण आम्हा बेलापूरकरांच्या खाडीपलीकडेच आहे.

लोकलने मुंबईला जाताना वाशीच्या पुलावरून डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या अणुकेंद्रात 1960 साली 'सायरस' ही भट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे. वापर शांततेच्या कामासाठीच करू, असे 1956 च्या करारात आपण लिहून दिले होते. मात्र प्लुटोनियमचा हिशेब बाहेरच्या कुणी तपासावा, अशी अट त्यात नव्हती. 18 मे 1974 रोजी पोखरणला स्फोट झाला तो याच भट्टीतल्या प्लुटोनियमचा. आपण त्याला 'शांततामय' म्हटले, कॅनडाने वचनभंग म्हटले आणि मदत थांबवली.

त्याउलट तारापूर. 1969 मध्ये वीज देऊ लागलेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणी आहे. अमेरिकेने इंधन अडवले, फ्रान्सकडून आणावे लागले, तरी तपासणी सुटली नाही.

1970 चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार भारताने नाकारला. तो भेदभाव करणारा आहे, हा आपला आक्षेप खराच आहे. 1967 पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांना बॉम्ब हलाल, बाकीच्यांना हराम! बाकीच्यांकडे तपासनीस जातात. पाचांनी दिलेल्या निःशस्त्रीकरणाच्या वचनाला साक्षीदार कोणी नाही. इराणने 2015 चा करार पाळल्याचे तपासनीस सांगत असतानाही 2018 मध्ये अमेरिका त्यातून उठून गेली.

पण म्हणून 'आपला' बॉम्ब पवित्र होत नाही. पाकिस्तानच्या बॉम्बला 'इस्लामी' म्हणून खूश होणारे आपल्यातही भेटतात. त्याच बॉम्बमागच्या अब्दुल कादीर खान यांनी ते तंत्रज्ञान उत्तर कोरियालाही पुरवले. त्यात इस्लामचा काय संबंध? शहरावर पडलेला बॉम्ब बाळ आणि सैनिक यांत फरक करत नाही. मला तरी तो कुठल्याच निशाणाखाली जायज वाटत नाही.

2008 मध्ये अणुव्यापाराची दारे आपल्याला उघडली. त्या बदल्यात आपण चौदा भट्ट्या तपासणीखाली देण्याचे मान्य केले आणि 2010 अखेर सायरस बंद केली. तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी मात्र यादीबाहेर ठेवली. एकाच आवारात दोन भट्ट्यांचा हिशेब तपासला जातो, दोघींचा नाही. त्या दोघीही वीजच बनवतात. मग पाच बड्यांकडे बरोबरीचा हक्क मागण्याआधी या दोन भट्ट्यांचे दार तपासनिसांना उघडायला आपली हरकत काय आहे, हे सरकारने संसदेत सांगावे.