पंधरा किलोंचा हिशेब

विमानाच्या तिकिटात सामानाचे भाडे धरलेले असते की नाही, या प्रश्नाला आता एकच उत्तर उरलेले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना नोंदणीकृत सामानाविना स्वस्त तिकीट विकण्याची मुभा दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसने तसे तिकीट बाजारात आणले आणि त्याच वर्षी एअर इंडियाने आपल्या सर्वांत स्वस्त तिकिटावरील मोफत सामानाची मर्यादा १५ किलोंवर आणली. ज्या पिढीला २० किलो सामान हा आपला स्वाभाविक हक्क वाटत होता, तिला हा बदल खटकणे साहजिक आहे. परंतु शुल्क असावे की नसावे, हा वाद मला दुय्यम वाटतो. शुल्क कशाचे, किती आणि ग्राहकाला ते केव्हा कळते, हा धोरणाचा खरा प्रश्न आहे.

ओझ्याचे पैसे घेणे ही काही विमान कंपन्यांनी लावलेली नवी प्रथा नव्हे. आगगाडी येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून नागपूरकडे जात असे आणि तेथे प्रत्येक गोणीला मोल होते. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हा व्यापार रुळांवर आणला. रेल्वेत आजही वातानुकूलित प्रथम वर्गाला ७०, शयनयानाला ४०, तर द्वितीय वर्गाला ३५ किलो सामान मोफत नेता येते आणि त्यापुढे पैसे भरावे लागतात. प्रत्यक्षात फलाटावर कोणी वजन करत नाही, कारण एका ट्रंकेने आगगाडीच्या खर्चात नाव घेण्याजोगी भर पडत नाही. विमानाचे तसे नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी नागपूर केंद्र धरून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हाही विमानात काय आणि किती चढवायचे याचा निर्णय वजनकाट्यावरच होत असे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सरकारी महामंडळांच्या मक्तेदारीत सामानाचा खर्च भाड्यात मुरून गेला आणि प्रवाशांच्या नजरेआड झाला. तो खर्च तेव्हाही होताच. हलक्या हाताने जाणारा प्रवासी जड सामान नेणाऱ्याचे पैसे भरत होता, इतकेच.

मग आजचे शुल्क त्या खर्चाशी कितपत जुळते? विमानावर चढलेल्या जादा वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इतके इंधन दर तासाला जादा जळते, असा ढोबळ ठोकताळा आहे. रायपूर-मुंबई हा सुमारे दोन तासांचा प्रवास धरला, तर १५ किलोंच्या एका बॅगेसाठी सव्वा ते दीड लिटर इंधन लागेल. लिटरला १०० रुपये धरले तरी ही रक्कम दीडशेच्या पुढे जात नाही. उलट, मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या सामानासाठी विमानतळाच्या खिडकीवर किलोमागे ५०० रुपयांहून अधिक आकारले जातात. पाच किलो जादा निघाले, तर अडीच हजारांची फोडणी बसते. इंधनाच्या हिशेबात हा आकडा बसत नाही.

त्याची इतर कारणे आहेत आणि त्यातील काही वाजवीही आहेत. बॅगा चढवणे-उतरवणे, त्यांची तपासणी करणे आणि हरवलेल्या बॅगा शोधणे याला माणसे लागतात. विमान जमिनीवर जितका वेळ उभे, तितका कंपनीचा तोटा. शिवाय विमानाच्या पोटातील मोकळी जागा मालवाहतुकीला विकता येते. पण सर्वांत मोठे कारण बाजाराच्या मांडणीत आहे. तिकीट शोधणारा प्रवासी प्रथम मूळ भाड्याचा आकडा पाहतो आणि जिचा आकडा लहान, ती कंपनी यादीत वर येते. म्हणून भाडे लहान ठेवायचे आणि उरलेली रक्कम आसन, जेवण, सामान अशा निरनिराळ्या नावांनी वसूल करायची, हे गणित फायद्याचे ठरते. अमेरिकेत २००८ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. पुढे तेल उतरले, शुल्क मात्र उतरले नाही. तेथे देशांतर्गत भाड्यावर ७.५ टक्के कर आहे आणि सामानाच्या शुल्कावर तो लागत नाही, हेही एक प्रलोभन होतेच. 'बॅगा मोफत' हे ब्रीद मिरवणाऱ्या साउथवेस्टनेही मे २०२५ मध्ये ते सोडून दिले.

आपल्याकडे सरकारने यावर एक उपाय करून पाहिला. जून २०१६ मध्ये महासंचालनालयाने १५ ते २० किलोंदरम्यानच्या सामानाला किलोमागे कमाल १०० रुपये, अशी मर्यादा घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. विमान नियमावली, १९३७ मधील नियम १३५ नुसार खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर लक्षात घेऊन भाडे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा आहे. प्रशासनात आयुष्य घालवल्यामुळे मला हा निकाल धक्कादायक वाटला नाही. कायद्याने न दिलेला अधिकार परिपत्रकाने निर्माण करता येत नाही, हा आमच्या सेवेतला पहिला धडा. मात्र त्याच नियमात 'वाजवी नफा' हे शब्दही आहेत आणि त्यांचा अर्थ लावणारी सक्षम यंत्रणा आपण उभारलेली नाही. विमानतळांच्या शुल्कांसाठी आर्थिक नियामक आहे, प्रवाशाच्या भाड्यासाठी नाही. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, तरी ही पोकळी भरली नाही. भाड्यातील चढउतार आणि घटवलेले मोफत सामान यांविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस काढली, ती या पोकळीमुळेच.

या पोकळीची झळ सर्वांना सारखी लागत नाही. रायपूरहून एका दिवसाच्या कामासाठी दिल्लीला जाऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला सामानाविना तिकीट सोयीचेच आहे. पुण्याला शिकायला निघालेला विद्यार्थी किंवा मुंबईला कर्करोगाच्या उपचारांसाठी महिनाभर मुक्काम करणारे कुटुंब यांचे सामान ही चैन नव्हे. परदेशी जाणाऱ्याची गोष्ट तर आणखी विचित्र. त्याला आधी दिल्ली, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर बहुधा २३ किंवा अधिक किलोंची सवलत असते. परंतु देशांतर्गत टप्प्याचे तिकीट वेगळे काढले असेल, तर तीच बॅग रायपूरच्या खिडकीवर १५ किलोंच्या मापाने मोजली जाऊ शकते. मुंबईकराला जो भुर्दंड पडत नाही, तो छत्तीसगडच्या माणसाला केवळ त्याच्या पत्त्यामुळे पडतो. जगदलपूर आणि बिलासपूर ही शहरे 'उडान' योजनेतून हवाई नकाशावर आली. जेथे सरकार भाड्यासाठी अनुदान देते, तेथे साध्या सामानाची सोय त्या भाड्यातच असायला हवी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

दर ठरवून देण्याचा मोह टाळूनही सरकारला तीन गोष्टी करता येतील. पहिली, तिकिटांच्या तुलनेच्या पहिल्याच पडद्यावर १५ किलो सामानासह होणारी एकूण किंमत दाखवणे सर्व कंपन्यांना आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना बंधनकारक करावे. शुल्काची कल्पना आरक्षणाच्या वेळी द्यावी आणि ती तिकिटावर छापावी, असे २०२१ चे परिपत्रक सांगतेच. पण तोवर ग्राहकाची निवड झालेली असते. दुसरी, आगाऊ घेतलेल्या आणि खिडकीवर घेतलेल्या शुल्कात किती पट फरक असावा, याला कायद्याने मर्यादा घालावी. आयत्या वेळी अडलेल्या माणसाकडून घेतलेली रक्कम ही बाजारातली किंमत राहत नाही, तो दंड होतो. तिसरी, वेगळे शुल्क घेतले तर वेगळी जबाबदारीही घ्यावी. अमेरिकेने २०२४ च्या नियमाने देशांतर्गत प्रवासात बॅग १२ तासांपेक्षा उशिरा मिळाल्यास तिचे शुल्क परत करणे कंपनीवर बंधनकारक केले. आपल्याकडे सामान ही स्वतंत्र सेवा म्हणून विकली जात असेल, तर ती वेळेवर न पुरवल्यास पैसे परत मिळणे हा ग्राहकाचा साधा हक्क ठरतो.

हवाई प्रवास आता मोजक्या लोकांचा राहिलेला नाही आणि कंपन्या तोट्यात जाऊन तो टिकणारही नाही. वजनाचे पैसे द्यायला प्रवाशाची ना नाही. बैलाच्या पाठीवर गोणी चढवण्यापूर्वी तिचा दर बोलून घेतला जाई. विमानात बसणाऱ्यालाही तिकीट निवडण्याआधी तो कळावा, एवढीच मागणी आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून रायपूर येथे वास्तव्यास आहेत.)