बर्निनाचे तिकीट आणि शिमल्याचा धडा

मे महिन्याच्या सुटीचे बेत साधारणतः संक्रांतीच्या सुमारास आखले जातात. एके काळी या बेतात आजोळ असे, कुलदैवत असे आणि फार तर काशी-रामेश्वर. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मिळकतीबरोबर त्याच्या प्रवासाचा परीघही विस्तारला आणि त्यात स्वित्झर्लंडने मानाचे स्थान पटकावले. हिंदी चित्रपटांनी ती वाट आधीच मळून ठेवली होती. यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो जाण्याच्या पद्धतीचा. दहा दिवसांत पाच देश, बसमधून उतरणे, छायाचित्र काढणे आणि पुन्हा बसमध्ये बसणे, याला प्रवास म्हणावे काय? तीर्थयात्रेला निघण्यापूर्वी संकल्प सोडणाऱ्या, स्थळाचे माहात्म्य ऐकणाऱ्या समाजाने परदेशी जाताना मात्र सारे भान प्रवासी कंपनीच्या हवाली करावे, हे शोभणारे नाही.

ज्यांना खरोखर काही पाहून आणि शिकून यायचे आहे, त्यांच्यासाठी आल्प्स पर्वतात एक उत्तम वाट आहे. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतातील कूर या गावाहून निघणारी बर्निना एक्स्प्रेस आल्प्स ओलांडून इटलीतील तिरानो येथे उतरते. अंतर सुमारे 145 किलोमीटर, वेळ चार तासांहून थोडा अधिक. वाटेत 55 बोगदे आणि 196 पूल. रूळ एक मीटर रुंदीचे. ऑस्पिझिओ बर्निना या स्थानकावर ही गाडी 2,253 मीटर उंची गाठते आणि तेथून अवघ्या 429 मीटर उंचीवरील तिरानोला उतरते. उतार काही ठिकाणी हजार मीटरला सत्तर मीटर इतका तीव्र. तरीही दातेरी रुळाचा आधार कोठेही घेतलेला नाही.

आखणीत दडलेले शहाणपण

या प्रवासाची आखणी कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाला स्वतः करता येण्याजोगी आहे. पहिली गोष्ट प्रवेशपरवान्याची. दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही. परंतु 2008च्या डिसेंबरपासून तो शेंगेन व्यवस्थेत सहभागी आहे. अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडे करावा लागतो. मुक्काम समान असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवायचे त्याच्याकडे. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तो हाती पडण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या रकमा भरण्याची घाई करू नये.

दुसरी गोष्ट तिकिटाची. बर्निना एक्स्प्रेसमध्ये तिकिटाखेरीज आसनाचे आरक्षण सक्तीचे असते आणि त्याचे शुल्क वेगळे. स्विस ट्रॅव्हल पास असला तर तिरानोपर्यंतचे भाडे त्यातच येते, आरक्षण मात्र तेव्हाही करावेच लागते. उन्हाळ्यात ही आसने लवकर भरतात. ज्यांना आरक्षण मिळाले नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. त्याच रुळांवरून स्थानिक गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, वाटेत उतरता येते आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतातही. छतापर्यंत काचा असलेल्या पर्यटक डब्यात बाहेरचे दृश्य विस्तीर्ण दिसते. पण छायाचित्रात बहुधा स्वतःचेच प्रतिबिंब येते! सीमेवर सहसा कोणी अडवत नसले तरी पारपत्र जवळ असलेच पाहिजे. हमाल मिळेल या भरवशावर चार मोठ्या बॅगा नेऊ नयेत. शाकाहारी कुटुंबांनी दशमी-धपाटे बरोबर घेतलेले बरे. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा सकाळचीच गाडी धरावी. परतताना तिरानोहून इटलीच्या रेल्वेने कोमो सरोवराच्या काठाने मिलानला सुमारे अडीच तासांत पोहोचता येते.

आता या आखणीत एक गोष्ट सहज लक्षात येते. ज्या रुळांवर पर्यटक हौसेने बसतो, त्याच रुळांवर शाळेची मुले, नोकरदार आणि मालाचे डबेही असतात. ही रेल्वे प्रथम डोंगरातील माणसांची आहे. पर्यटक तिचा पाहुणा आहे.

खिडकीबाहेर काय पाहावे?

बर्फाची शिखरे कोणालाही दिसतात. त्यापलीकडच्या तीन गोष्टी जाणत्या माणसाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट स्वावलंबनाची. स्वित्झर्लंडच्या भूमीत म्हणण्याजोगा कोळसा नाही. 1908 ते 1910 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झालेला बर्निना मार्ग प्रारंभापासूनच विजेवर चालला आणि ती वीज त्याच खोऱ्यातील पाण्याची होती. त्याला जोडणाऱ्या आल्बुला मार्गावर आधी वाफेची इंजिने होती. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा कोळसा दुर्मीळ झाला, तेव्हा 1919 मध्ये तोही विजेवर आणला गेला. संकटातून स्वदेशीचा मार्ग काढणे याला म्हणतात.

दुसरी गोष्ट जिद्दीची. बर्निनाची गाडी प्रथम केवळ उन्हाळ्यात चालविण्याचा विचार होता. 1913-14च्या हिवाळ्यापासून ती बर्फातही धावू लागली आणि खिंडीपलीकडचे पॉस्कियाव्हो खोरे बारमाही देशाशी जोडले गेले. सीमेवरच्या माणसाला आपण देशाचे आहोत असे वाटायचे असेल, तर देशाची गाडी त्याच्या दारी हिवाळ्यातही आली पाहिजे.

तिसरी गोष्ट भाषेची. एकाच प्रांतात जर्मन, रोमान्श आणि इटालियन अशा तीन भाषा राजमान्य आहेत. त्यांपैकी रोमान्श बोलणारे देशाच्या लोकसंख्येत एक टक्काही नाहीत. फॅसिस्ट इटलीचा विस्तारवाद शेजारी फोफावत असताना, 1938 साली स्विस जनतेने सार्वमत घेऊन याच भाषेला राष्ट्रीय भाषेचा मान दिला. बोलीचा सन्मान केल्याने राष्ट्र दुबळे होते, असे मानणाऱ्यांनी आणि भाषेच्या नावाने राष्ट्राला आव्हान देणाऱ्यांनी, दोघांनीही यावर चिंतन करावे.

1903ची जुळी भावंडे

या मार्गाचे एक भावंड भारतात आहे, हे मात्र तेथे जाऊन आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? आल्बुला मार्ग 1903च्या जुलैत सुरू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कालका-शिमला रेल्वे सुरू झाली. पुढे 2008 साली क्वेबेक येथे भरलेल्या युनेस्कोच्या एकाच बैठकीत दोन्ही मार्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बर्निना खिंडीत शेजारी-शेजारी दोन तळी आहेत. एकाचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला, तर दुसऱ्याचे पो नदीतून एड्रियाटिकला मिळते. शिमल्याचा माथाही असाच जलविभाजक आहे. त्याच्या एका उतारावरचे पाणी सतलजमार्गे सिंधुसागराकडे, तर दुसऱ्यावरचे यमुनेतून गंगासागराकडे जाते.

कालका ते शिमला अंतर 96 किलोमीटर. त्यात 102 बोगदे, 864 पूल आणि 919 वळणे! कनोहजवळचा चार मजली कमानींचा पूल पाहणाऱ्याला लांडवासरच्या 65 मीटर उंच कमानींपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. राज्यकर्ते इंग्रज होते हे खरे. पण डोंगर फोडणारे हात येथल्याच माणसांचे होते. मार्गाची दिशा भलकू नावाच्या एका पहाडी माणसाने दाखवली, असे तेथील लोकपरंपरा सांगते. शिमल्याच्या रेल्वे संग्रहालयाला आज त्या बाबा भलकूंचेच नाव आहे.

मग जन्माने समान असलेल्या या भावंडांत फरक पडला कोठे? एकाला समाजाने जगण्याचा भाग केले, दुसऱ्याला खेळणे मानले. तेथील रेल्वे कंपनीत निम्म्याहून अधिक वाटा प्रांताचा आणि सुमारे 43 टक्के संघराज्याचा आहे. अर्थात रेल्वे ही तेथील प्रजेची स्वतःची वस्तू आहे. आल्बुलाचा जुना बोगदा थकला, तेव्हा वाहतूक चालू ठेवून शेजारी नवा खोदला गेला आणि 2024च्या जूनमध्ये तो वापरात आला. आपल्याकडे 14 ऑगस्ट 2023 रोजी शिमल्याजवळ समर हिल येथे डोंगर कोसळला. श्रावणी सोमवारी दर्शनाला आलेल्या भाविकांसह शिवमंदिर गाडले गेले आणि रेल्वेचे रूळ अधांतरी लोंबकळत राहिले. दोन महिन्यांच्या आत मार्ग पुन्हा उभा करणाऱ्या कामगारांचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु त्या उतारांवर वाट्टेल तशी बांधकामे होऊ देणाऱ्या समाजाने आणि शासनाने उत्तर काय द्यायचे?

हिमालय आल्प्सपेक्षा तरुण आणि ठिसूळ आहे आणि आपला पावसाळा युरोपच्या पावसासारखा नाही, हे मान्यच आहे. पण क्षमता नाही, ही सबब आता चालणार नाही. 6 जून 2025 रोजी नदीपात्रापासून 359 मीटर उंचीचा चिनाबवरील पूल राष्ट्राला अर्पण झाला आणि काश्मीर खोरे उर्वरित भारताशी रुळांनी जोडले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये कोक्राझार ते भूतानमधील गेलेफू या मार्गाची घोषणा झाली. भारताच्या मित्रदेशाच्या डोंगरपायथ्याशी सीमा ओलांडून जाणारी ती गाडी असेल. दुसरीकडे, चीनने 2006 मध्ये ल्हासापर्यंत आणि 2021 मध्ये अरुणाचलच्या सीमेनजीकच्या न्यिंगचीपर्यंत रेल्वे नेली आहे. पर्वतातील रेल्वे हा केवळ सहलीचा विषय नाही, हे याहून स्पष्ट करण्याची गरज नसावी.

तेव्हा बर्निनाचे तिकीट अवश्य काढावे. पण त्याआधी एकदा कालक्याहून निघणाऱ्या छोट्या गाडीत कुटुंबासह बसावे, बरोगच्या स्थानकावर उतरावे, मुलांना बाबा भलकूंची गोष्ट सांगावी. मग आल्प्समध्ये गेल्यावर मुले निव्वळ बर्फ पाहणार नाहीत, तुलना करतील, प्रश्न विचारतील. आपली गाडी अजून डिझेलच्या धुरात का, तिचे डोंगर उघडेबोडके का, गावकऱ्यांना तिचा रोजचा उपयोग का नाही, असे ते प्रश्न असतील. ते घरात दडपू नयेत. आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवावेत. परदेशातून चॉकलेट आणि घड्याळे आणणारे पुष्कळ झाले; आता हे प्रश्न घेऊन परतणारे प्रवासी हवेत.