शेतकऱ्याला कर माफ, म्हणे!



शहरातला पगारदार भेटला की हटकून ऐकवतो, "तुमचं बरं आहे, तुम्हाला कर नाही." त्याला गाडीच्या शोरूमचे कोटेशन दाखवा.

समजा, कापूस मोंढ्यात न्यायला मूळ किंमत ८ लाखांची पिकअप घ्यायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १ लाख ४४ हजार. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. त्या भावाने, आणि तो मिळालाच तर, पावणेएकोणीस क्विंटल कापूस झाला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा. पावणेचार एकरांचा कापूस, वेचणीची मजुरीही न काढता, निव्वळ करात गेला.

आता तीच पिकअप जिनिंगवाल्याने घेतली तर? तो नोंदणीकृत व्यापारी. भरलेले १ लाख ४४ हजार तो आपल्या पुढच्या करातून वजा करून घेतो. आपल्याकडून घेतलेल्या कापसावर तो ५ टक्के कर भरतो, त्याचीही त्याला वजावट मिळते. विक्रीकर गेला, २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. करावर कर बसणार नाही, असे दर वेळी सांगितले. पण वजावटीची ही साखळी शेताच्या बांधाशी येऊन तुटते. शेतकऱ्याला नोंदणीची गरज नाही, म्हणून वजावटही नाही. याला सरकार सूट म्हणते!

ट्रॅक्टरवरचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. ६ लाखांच्या मूळ किमतीवर ७२ हजारांचे ३० हजार झाले; चांगले झाले. पण आठ वर्षे जे जादा घेतले त्याचे काय? आणि महिनाभर आधीच, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ऐन वेचणीत, ३१ डिसेंबरपर्यंत, ते उठवलेलेच ठेवले. ट्रॅक्टरवर सोडलेले मोंढ्यात वसूल.

घरी मोटार घेणाऱ्याने (शेतकऱ्याने मोटार घेऊ नये असा कायदा अजून झालेला नाही) हिशेब आणखी बारकाईने करावा. मूळ ५ लाखांच्या लहान पेट्रोल गाडीवर जीएसटी ९० हजार. मग आरटीओचा एकरकमी कर ११ टक्के, तो ५ लाखांवर नव्हे, ५ लाख ९० हजारांवर: ६४,९०० रुपये. त्यातले ९,९०० हा नुसता करावरचा कर. हा एकरकमी कर राज्याने २०१७ मध्ये, जीएसटी आल्याबरोबर, २ टक्क्यांनी वाढवून ठेवला. दोन्ही मिळून वीस क्विंटल कापूस. विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के वेगळेच, आणि कर्ज काढले तर बँक करापोटी दिलेल्या रकमेवरही व्याज लावणार. शेजाऱ्याची जुनी गाडी घेतली तर निदान जीएसटी तरी नाही.

शोरूमवाला 'ऑन रोड' म्हणून एकच आकडा सांगेल. तो घेऊ नका. मूळ किंमत, जीएसटी, आरटीओ, विमा वेगवेगळे लिहून मागा आणि प्रत्येकापुढे कापसाचे किंवा ज्वारीचे क्विंटल मांडा. मागणी एकच: सातबारा आणि बिल दाखवले की ट्रॅक्टर, मालवाहू गाडी आणि अवजारांवरचा जीएसटी शेतकऱ्याच्या खात्यात परत. हे अनुदान नव्हे, जिनिंगवाल्याला मिळते तेवढेच. जुन्या जालन्याच्या बैठकीला येताना गावातल्या अशा बिलांच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. एक अर्थमंत्र्यांना जाईल, एक आपल्याजवळ राहील.