लेखनापूर्वीचा आराखडा

संशोधनपर लेखाचा आराखडा म्हणजे उपशीर्षकांची यादी, असा समज अभ्यासकांत रूढ झालेला दिसतो. व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये, समारोप हा साचा ग्रामीण कथेलाही चालतो आणि संतकाव्यालाही. कारण तो कोणत्याच विषयातून उगवलेला नसतो. अशा आराखड्याने लेखन सुकर होते, विचार मात्र टळतो.

या संदर्भात मराठी विश्वकोशाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला; परिभाषासंग्रहाचा १८ वा खंड मात्र त्याआधीच, १९७३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. कोणती संज्ञा कोणत्या अर्थाने योजावयाची हे ठरल्याशिवाय अनेक लेखकांच्या नोंदींत एकवाक्यता येणे कठीणच.

एकट्या अभ्यासकाच्या लेखालाही हे लागू पडते. ‘वास्तववाद’ ही संज्ञा आरंभी एका आणि अखेरीस दुसऱ्या अर्थाने आली, तर मधला सारा युक्तिवाद निराधार ठरतो. म्हणून लेखनापूर्वी मूळ प्रश्न, त्यातील संज्ञांचे अर्थ आणि तपासावयाची साधने निश्चित करावीत. निष्कर्ष मात्र मोकळा ठेवावा. आराखड्यातच निष्कर्ष ठरून गेला, तर प्रतिकूल पुरावा समोर असूनही दिसत नाही. मग संशोधन उरत नाही. उरते ते केवळ पूर्वग्रहाचे समर्थन.