विश्लेषण : टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन पितृत्वाच्या आड कसे येते?

थकवा, घटलेली कामेच्छा, व्यायाम करूनही न वाढणारे स्नायू... या तक्रारींवर टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा जेल हा सोपा उपाय वाटतो. पुरुषत्वाचे संप्रेरक घेतले की प्रजननक्षमताही वाढेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलटेच घडते.

शुक्राणू का घटतात?

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांद्वारे वृषणांना कामाचा संदेश देते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की साठा पुरेसा आहे असे समजून ती हा संदेश थांबवते. शुक्राणूनिर्मिती मंदावते किंवा बंद पडते. वृषणांचा आकारही घटतो. रक्ताच्या अहवालात टेस्टोस्टेरॉनचा आकडा मात्र उत्तम दिसतो.

हे पूर्वी ठाऊक नव्हते का?

होते. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. उपचारात सहसा यापेक्षा कमी मात्रा देतात, पण शरीरातील यंत्रणा तीच असते.

आणखी कोणते धोके?

तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीत ५,२०० हून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघाताचा धोका वाढला नाही, हा दिलासा. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या. हाडे बळकट होतील ही अपेक्षाही फोल ठरली, अस्थिभंग वाढले. जेल लावलेल्या त्वचेच्या स्पर्शाने लहान मुलांत अकाली यौवनाची लक्षणे दिसू शकतात.

मग उपचार घ्यावा का?

ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक खरोखर कमी बनते, त्यांना तो उपयुक्त आहे. त्यासाठी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्ततपासणी हवी. केवळ थकव्यावरून इंजेक्शन देणे योग्य नव्हे. उपचार थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात. पस्तिशीतल्या जोडप्यासाठी हा काळ मोठा असतो. म्हणून ‘पुढे मूल हवे आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी पहिल्या इंजेक्शनपूर्वीच विचारायला हवा. मूल हवे असेल, तर एचसीजीसारखे वेगळे उपचार उपलब्ध आहेत.