दोनशे गुणांचा सौदा

दहावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर माणसांची ये-जा वाढते. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात गुणपत्रकाची झेरॉक्स, आणि मागे मान खाली घालून उभा असलेला त्या गुणांचा धनी. जळगाव घ्या की धुळे घ्या, आमच्या खानदेशात मास्तराला अजून सल्ला विचारतात. पेढा खाऊन होतो, पाण्याचा तांब्या फिरतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो :

"गुरुजी, पोऱ्याले कॉम्प्युटर देऊ का बायलॉजी?"

यातले ते 'देऊ' मला नेहमी खटकते. बैलाला पेंड द्यावी, उसाला पाणी द्यावे, तसा पोराला विषय द्यावयाचा! पोराला काय हवे आहे हे त्या अर्ध्या तासात कोणी विचारीत नाही. आणि मी विचारलेच, तर ते बिचारे उत्तरासाठी बापाच्या तोंडाकडे पाहते.

ज्यांच्या घरी या वयाचे मूल नाही त्यांच्यासाठी हा पेच थोडा उलगडून सांगतो. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत 'बायफोकल' नावाचा एक प्रकार गेली कित्येक वर्षे चालत आला आहे. त्यात कॉम्प्युटर सायन्स घेतले, की दुसरी भाषा सुटते आणि आणखी एक विषय सुटतो. हा सुटणारा विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो. त्यांच्या जागी कॉम्प्युटरचे दोन पेपर येतात; एकंदर गुण २००. त्यातले निम्मे लेखी परीक्षेचे, आणि निम्मे प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकाचे गुण कसे पडतात हे ज्याला ठाऊक नाही असा पालक मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा हा विषय 'स्कोअरिंग' ठरला. मराठी भाषा गेली, बेडूक आणि जास्वंद गेली, आणि त्यांच्या बदल्यात टक्के आले. सौदा काही वाईट नाही, असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले.

हा सौदा वाईट आहे, हे सांगण्यासाठी मी लेखणी उचलली आहे. दिवाळीच्या फराळात हा कारल्याचा तुकडा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीच्या सुट्टीतच साऱ्या घरातली माणसे एका जागी सापडतात, आणि ज्याचे त्याला ऐकवता येते.

प्रथम त्या 'नव्या युगाच्या' विषयाकडे पाहू. कॉम्प्युटर म्हणजे उद्याचे जग, असे पालक मला डोळे विस्फारून सांगतात. या विषयाच्या दुसऱ्या पेपरात वर्षानुवर्षे मुलांनी कशाचे पाठांतर केले आहे, ठाऊक आहे? ८०८५ नावाच्या मायक्रोप्रोसेसरचे! इंटेल कंपनीने तो १९७६ साली काढला. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्याही जन्माआधीची ही वस्तू. पाया म्हणून ती शिकवू नये असे मी म्हणत नाही. विहीर खणावयाची तर कुदळही ओळखावी लागते. पण कुदळीला विमान म्हणून विकू नका, एवढेच माझे म्हणणे.

उलट ज्याला आपण जुनाट, घोकंपट्टीचा, 'मुलींचा विषय' म्हणून हिणवतो, ते जीवशास्त्र आमच्या बांधावर येऊन उभे आहे. २०१७ सालचा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला, त्यात आमचा खानदेशही होता. बीटी कापसाचे बियाणे २००२ साली देशात आले. अळीला मारील असे विष झाडातच पेरलेले. त्या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळे. ते साधे, बीटी नसलेले बी. शेताच्या कडेने त्याच्या ओळी लावावयाच्या होत्या. आम्ही काय केले? कोणी ती पुडी बांधावर फेकली, कोणी घरात टाकून दिली. अळीला मुद्दाम खाऊ घालण्यासाठी कोण शहाणा कपाशी लावील, असे म्हणून आम्ही हसलो.

ती पुडी म्हणजे उत्क्रांतीच्या धड्यातले अख्खे एक पान होते. विष पचवू शकणारी एखादीच अळी हजारांत निघते. शेताच्या कडेला साध्या कपाशीवर विष न पचवणाऱ्या अळ्या जगल्या, तर त्यांच्या पतंगांशी तिचा संकर होतो आणि विष पचवण्याचा गुण बराच काळ दबून राहतो. कडेच्या ओळीच नसतील तर विष पचवणारे आपसांतच लगीन लावतात आणि काही वर्षांत त्यांचेच राज्य होते. तसेच झाले. ज्या गावात दहावीची मुले विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा, 'आनुवंशिकता व उत्क्रांती', तोंडपाठ म्हणून दाखवत होती, त्याच गावात ती पुडी बांधावर पडली होती. धडा आणि पुडी यांची गाठ कोणी घालून दिली नाही. त्यात मीही आलोच.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो.

रावेरकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. घरी केळी. नववीत असताना त्याने एक वही केली होती. केळीवर 'हरण्या' पडतो, पाने पिवळ्या पट्ट्यांनी चितारली जातात, पोंगा सडतो. सरकारी भाषेत त्याला कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात. या मुलाने बापाच्या बागेतली प्रत्येक ओळ मोजून कोणत्या ओळीत किती झाडे उपटावी लागली ते लिहून काढले होते. आणि खाली एक वाक्य : शेजारच्या काकडीच्या कुंपणाजवळच्या ओळींत रोग जास्त आहे. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. रोगाच्या नावातच काकडी आहे, तो विषाणू काकडीवर आणि मिरचीवरही राहतो, मावा कीड त्याला पाठीवर बसवून आणल्यासारखी केळीवर आणते, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने फक्त पाहिले होते.

मी त्या वहीवर 'उत्तम' असा शेरा मारला. दीड वर्षांनी त्याचा बाप पेढे घेऊन आला, तेव्हा मीच म्हणालो, "कॉम्प्युटर घ्या. दोनशे गुण हातचे आहेत."

तो मुलगा आज पुण्याला आहे. नोकरी बरी आहे, रात्रपाळी असते. घरी पैसे पाठवतो. तो दुःखी आहे असे खोटे चित्र मी काढणार नाही. गेल्या आखाजीला घरी आला होता, तेव्हा भेटला. बागेत पुन्हा हरण्या पडला होता. मला म्हणाला, "गुरुजी, हा रोग रोपातूनच येतो, का मावा आणतो?" मी म्हटले, दोन्ही वाटांनी येऊ शकतो. तो गप्प बसला. मग म्हणाला, "माझी ती वही तुमच्याकडे आहे का?" ती माझ्याकडे नव्हती. तपासून परत दिलेल्या वह्या कोण ठेवतो?

यावर कोणी म्हणेल की मास्तर, भावनेने पोट भरत नाही; जीवशास्त्र घेऊन त्याने काय केले असते? हा प्रश्न रास्त आहे, आणि याच प्रश्नात सारा रोग आहे. कारण जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर नाही तर काही नाही, असे समीकरण आपण मांडून बसलो आहोत. धुळ्याच्या शिकवणीवर्गांच्या पाट्या पाहा. नीटच्या परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, एवढीच त्या विषयाची तिथे ओळख. २०२४ साली त्या परीक्षेला देशात तेवीस लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. बाकीच्या बावीस लाखांनी काय करावयाचे? माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीने दोन वर्षे 'ड्रॉप' घेतला. जागा मिळाली नाही. आता घरात झाडापाखरांचे नाव निघाले तरी ती उठून आत जाते. ज्या विषयावर तिचा जीव होता, त्याचाच तिला धसका बसला. कॉम्प्युटरवाल्याने जीवशास्त्र सोडले आणि या मुलीला जीवशास्त्राने सोडले. दोन्ही घरांतून ते हद्दपारच झाले.

आणि इकडे काम तर ढिगाने पडले आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांत एक अशी आजाराची शक्यता असते. मेंडेलचे हे गणित बारावीच्या पुस्तकात छापलेले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम काढली. रक्त तपासता येईल हो, पण लग्नाच्या बैठकीत बसून, पावरीत नाहीतर भिलीत, हे चारांत एक समजावून कोण सांगणार? त्याला डॉक्टरच लागतो असे नाही. त्याच पाड्यावरचा, बारावीपर्यंत जीवशास्त्र नीट शिकलेला एक पोरगा लागतो.

केळीचे तर विचारूच नका. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपण हारतुरे घेतले. आज बागेत लावतो ती टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. सारी रोपे एकाच झाडाची जणू छायाचित्रे. एकाला जो रोग मारील तो सगळ्यांना मारील. ग्रो मिशेल नावाची जात अशीच जगभर नावाजलेली होती. गेल्या शतकाच्या मध्याला पनामा रोगाने तिचा व्यापार बसवला. त्याच रोगाचा नवा प्रकार बिहारात येऊन ठेपला आहे. रावेर-यावलच्या शिवारात तो पहिल्यांदा ओळखील कोण? ज्याने विषय 'सोडला' तो?

आमच्याच डोंगरातले घुबड आम्हांला परक्यांनी दाखवले, हेही सांगून टाकतो. रानपिंगळा हा पक्षी १८८४ नंतर कोणी खात्रीने पाहिलेला नव्हता. नामशेष झाला असेच जग समजत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही अमेरिकेतली मंडळी शहाद्याजवळच्या रानात आली आणि त्यांना तो दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. एकशेतेरा वर्षे तो तिथेच होता! त्याला रोज पाहणारे गुराखीही तिथेच होते. आणि आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून नाव आहे बहिणाबाईंचे, अक्षरओळख नसताना पानापाखरांकडे डोळे भरून पाहणाऱ्या आसोद्याच्या लेकीचे. पाटीवर नाव तिचे, आणि पाहण्याचा विषय मात्र ऐच्छिक.

मी कॉम्प्युटरचा वैरी नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशच साऱ्या राज्यात त्याच्यावरून होतात; वैर करून जाणार कुठे? पण बारावीला कॉम्प्युटर नसलेला मुलगा पुढे बी.एस्सी.ला कॉम्प्युटर घेऊ शकतो, गणित असेल तर अभियांत्रिकीला जाऊ शकतो, घरी बसूनही शिकू शकतो. सोळाव्या वर्षी सुटलेले जीवशास्त्र मात्र सहसा परत येत नाही. नियमाने वाट आहे, नाही असे नाही. वैद्यकीयच्या बाबतीत २०२३ साली बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र देण्याची मुभा मिळाली. पण त्या वाटेने गेलेला एकही मुलगा माझ्या पाहण्यात नाही. शिवाय ज्या प्रोग्रॅम लिहिण्यासाठी पोराला जुंपता, ते लिहिण्याचे पुष्कळ काम आता यंत्रच करू लागले आहे, हे त्या पुण्याच्या मुलानेच मला सांगितले.

जग तर ही भिंत केव्हाच पाडून बसले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या घडणीवरच्या कामाला मिळाले. त्यातले डेमिस हसाबिस केंब्रिजला कॉम्प्युटर शिकले आणि मग मेंदूच्या अभ्यासात डॉक्टरेट करण्यासाठी लंडनला गेले. त्यांना कोणी ओट्यावर बसवून 'हे का ते' असे विचारले नाही, म्हणून बरे.

तेव्हा आता मी सांगतो ते असे : गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, बायफोकलच्या दोनशे गुणांचा मोह सोडा. मुलाला झेपत नसेल तर कोणता विषय सोडावा हे त्याला ठरवू द्या. टक्के तीन-चारांनी कमी पडतील. पडू द्या. कनिष्ठ महाविद्यालयांनीही प्रयोगशाळेची कुलपे वर्षातून चार वेळा न उघडता आठवड्यातून दोनदा उघडावीत. शिकवणीवर्गाला गेलेल्या मुलाची हजेरी कोऱ्या बाकावर मांडू नये. मी मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्या लिहिणारा; मला हे सांगण्याचा अधिकार काय, असे एका प्राध्यापकमहाशयांनी मला विचारले. मी म्हटले, अधिकार काही नाही, एका वहीचे देणे आहे.

यंदाही पेढे आले. धुळ्याकडचे एक गृहस्थ, बरोबर मुलगी. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. मी त्यांना थांबवून मुलीला म्हटले, "ताई, तूच सांग." ती बापाकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "आमच्या परड्यात मधमाश्या यायच्या, त्या दोन वर्षांपासून येत नाहीत. ते कोणत्या विषयात असतं?"

बाप हसला. मी हसलो नाही. फॉर्म तिलाच भरू द्या, एवढे सांगून मी त्यांना निरोप दिला. तिने काय भरले ते अजून कळलेले नाही. दिवाळीला येतो म्हणाले आहेत.