‘कोण मोठा?’ या प्रश्नाने पुसलेली नावे: हिंदी चित्रपटसंगीतातील चाहत्यांच्या भांडणांचा इतिहास

#थ्रेड

१/ हिंदी चित्रपटसंगीताच्या तथाकथित सुवर्णकाळावरील बहुतेक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. शंकर-जयकिशन मोठे की नौशाद? पंचम मोठा की लक्ष्मीकांत-प्यारेलाल? अन्याय अधिक कोणावर झाला, मदनमोहन यांच्यावर की ओ. पी. नय्यर यांच्यावर? ही निरुपद्रवी करमणूक आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात तिने इतिहासाचे मोठे नुकसान केले आहे.

२/ या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आहे: गाणे ही एका किंवा फार तर दोघांच्या प्रतिभेची निर्मिती असते आणि बाकीचे सगळे हुकूम पाळणारे हात असतात. हे गृहीतक संगीताच्या अभ्यासातून आलेले नाही. ते बाजाराने घडवले, रेडिओने पसरवले आणि पुरस्कारांनी पक्के केले. त्याचे टप्पे तपासता येतात.

३/ १९३०च्या दशकात संगीतकार हा बहुधा कंपनीचा पगारी माणूस असे. ‘प्रभात’मध्ये गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांनी संगीत दिले. त्यांच्या शैली भिन्न होत्या, मतभेदही असतील. पण प्रेक्षक तिकीट काढत असे ते ‘प्रभात’च्या तुतारीसाठी. संगीतकाराचे नाव हा विकण्याचा माल अजून झालेला नव्हता.

४/ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही स्टुडिओव्यवस्था ढासळू लागली. स्वतंत्र निर्माते आले आणि प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र करार होऊ लागले. ‘रतन’ (१९४४) गाण्यांवर चालला आणि नौशाद हे नाव वितरकांना चित्रपट विकण्यासाठी उपयोगी पडू लागले. येथून संगीतकाराचा मानधनाचा आकडा त्याच्या नावाच्या वजनावर ठरू लागला. व्यावसायिक अभिमानाला बाजारभाव आला तो असा.

५/ पुढचा टप्पा रेडिओचा. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे अमीन सायानींच्या निवेदनासह ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

६/ गीतमालेने पुढे गाण्यांना ‘पायदान’ दिले. रेकॉर्डविक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांवर क्रम ठरू लागला. आवडीला प्रथमच आकडा मिळाला आणि आकड्याबरोबर हार-जीत आली. आजच्या हॅशटॅगयुद्धांचे मूळ त्या क्रमवारीत आहे. केसकरांना चित्रपटगीत घरातून घालवायचे होते. त्यांच्या धोरणाने ते आठवड्याच्या स्पर्धेत उभे केले.

७/ तिसरा टप्पा पुरस्कारांचा. १९५४च्या पहिल्या फिल्मफेअर सोहळ्यात संगीताचा सन्मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला. पार्श्वगायकांसाठी वेगळा पुरस्कार मात्र नव्हता. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा याच कारणावरून लता मंगेशकर यांनी सोहळ्यात गाण्यास नकार दिल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. १९५९पासून तो पुरस्कार सुरू झाला.

८/ हा प्रसंग सहसा लताबाईंच्या करारीपणाची आख्यायिका म्हणून सांगितला जातो. त्यातला खरा मुद्दा श्रेयाचा होता: गाणे कोणाचे? गायिकेने हा प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळाले, कारण तिच्या नकाराला किंमत होती. वाद्यवृंदात बसलेल्या व्हायोलिनवादकाने तोच प्रश्न विचारला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला असता.

९/ चाहत्यांच्या पुराणात अबोल्यांना मोठे स्थान आहे. नय्यर यांनी लताबाईंचा आवाज कधीच वापरला नाही. सचिनदेव बर्मन आणि लताबाई १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे एकत्र आले नाहीत. सी. रामचंद्र यांच्याशीही त्यांचे बिनसले. या घटना खऱ्या आहेत. पण त्यांकडे केवळ स्वभावाचे नाट्य म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या व्यवसायात नाव हेच भांडवल, तेथे नकार हे घासाघिशीचे हत्यार असते.

१०/ आता मंचावरून उतरून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जावे. १९५०च्या दशकात मोठ्या गाण्यांसाठी व्हायोलिनांचे ताफे बसू लागले. इतक्या वादकांनी एकाच वेळी नेमके वाजवायचे तर प्रत्येकासमोर लिहिलेले स्वर हवेत. अनेक संगीतकारांचे शिक्षण मौखिक परंपरेतले. हार्मोनियमवर सुचलेली चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणारा, तिला पूरक स्वरसंगती देणारा, वाद्यांची वाटणी करणारा माणूस लागे. त्याला अरेंजर म्हणत.

११/ हे काम करणाऱ्यांत गोव्याचे लोक मोठ्या संख्येने होते आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. घरी उपजीविकेची साधने तुटपुंजी होती. ही मुले मोठी होऊन ब्रिटिश हिंदुस्थानातील हॉटेले, क्लब आणि मूकपटांच्या चित्रपटगृहांत वाजवू लागली. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आली.

१२/ सेबास्टियन डिसोझा हे त्यांतले ठळक नाव. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये बँड चालवणारे सेबास्टियन नंतर मुंबईत आले आणि सुमारे दोन दशके शंकर-जयकिशन यांचे अरेंजर राहिले. ज्या भरदार व्हायोलिनांवरून चाहते ‘हे एसजेच!’ असे पहिल्या काही सेकंदांत ओळखतात, त्यांचे कागद या माणसाच्या हातचे होते.

१३/ आता भांडणाच्या मुळावरच येणारी गोष्ट: सेबास्टियन यांनी ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही अरेंजरचे काम केले. ज्या दोन पक्षांचे चाहते आजही एकमेकांच्या नायकाला उथळ ठरवतात, त्या दोन्ही पक्षांच्या सुरावटी एकाच लेखणीतून कागदावर उतरल्या. चाहत्यांनी आखलेली सीमारेषा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अस्तित्वातच नव्हती.

१४/ शंकर-जयकिशन यांची तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर गोव्याचेच. ‘दत्ताराम ठेका’ हा शब्द वादकांच्या बोलीत रूढ झाला. त्यांनी ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) आणि ‘परवरिश’ (१९५८) यांना स्वतंत्र संगीतही दिले. श्रेयनामावलीत सेबास्टियन आणि दत्ताराम यांची नावे ‘सहायक’ म्हणून येत. पडद्यावर क्षणभर दिसणारी ही नावे रेडिओवर उच्चारली जात नसत. भांडण मात्र रेडिओवर ऐकलेल्या नावांवरून होत असे.

१५/ सी. रामचंद्र यांचे ‘अलबेला’ (१९५१) मराठी रसिकांना आपले वाटते, आणि ते रास्तच आहे. त्या पाश्चात्त्य ढंगामागे हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट होते. या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. लाखो लोकांनी त्यांना पाहिले आहे. नाव विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल.

१६/ माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा अधिक बोलकी आहे. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. राग आणि पाश्चात्त्य स्वरसंगती यांचा मेळ घालणाऱ्या रचना मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि स्टुडिओच्या जगातून बाहेर पडले.

१७/ त्यांच्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांत प्यारेलाल होते आणि राहुलदेव बर्मनही. ‘पंचम विरुद्ध एलपी’ हे १९७०च्या दशकाचे महायुद्ध मानले जाते. त्याच्या दोन्ही छावण्यांचा गुरू एक. प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) नायकाला गुरूचे नाव देऊन ऋण फेडले. प्रेक्षकांनी ते नाव विनोद म्हणून डोक्यावर घेतले. तो माणूस खरा आहे, हे पुष्कळांना फार उशिरा कळले.

१८/ याच दोन पक्षांचा आणखी एक दाखला. ‘दोस्ती’ने (१९६४) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना पहिला फिल्मफेअर मिळवून दिला, तोही ‘संगम’ आणि ‘वह कौन थी?’ स्पर्धेत असताना. त्या चित्रपटातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला. त्यापूर्वी ‘नागिन’मध्ये (१९५४) हेमंतकुमार यांच्यासाठी क्लॅव्हिओलिनवर बीन वाजवणारे कल्याणजीही पुढे स्वतंत्र संगीतकार झाले. स्पर्धा होती; पण स्पर्धक एकमेकांच्या कामात हातभार लावत होते.

१९/ यावर ठरलेला आक्षेप असा: चाल संगीतकाराची, अरेंजर फक्त सजवतो. चाल संगीतकाराची, हे मान्य. परंतु ‘शैली’ या शब्दाने चाहते ज्याचे वर्णन करतात, ते प्रारंभीचे वाद्यसंगीत, दोन कडव्यांमधले तुकडे, ठेका, वाद्यांचा रंग, त्यातले पुष्कळ या ‘सजावटी’तच असते. मोठेपणा सिद्ध करताना सजावट मोजायची आणि श्रेय देताना ती वगळायची, हा हिशेब प्रामाणिक नाही.

२०/ याच्या उलट टोकाचाही समाचार घ्यायला हवा. ‘सगळे गोवेकरांनीच केले, संगीतकार नुसते गुणगुणत’ असे सांगणारी एक नवी छावणी तयार होत आहे. हेही जुनेच भांडण आहे, फक्त नायक बदलला. शंकर-जयकिशन यांना काय हवे ते ठाऊक होते. सलील चौधरी यांच्यासारख्यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्र स्वतःला अवगत होते. एका मूर्तीच्या जागी दुसरी बसवल्याने कामाचा इतिहास लिहिला जात नाही.

२१/ ज्यांच्यासाठी हे रण माजते, त्या संगीतकारांची कायदेशीर स्थिती काय होती? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या रचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता असतो. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण देणारी दुरुस्ती थेट २०१२ साली झाली. चाहते सिंहासनासाठी लढत होते. राजाच्या नावावर सातबारा नव्हता.

२२/ नाव हे माणसापेक्षा पेढीची पाटी कसे होते, याचा पुरावा १९७३चा आहे. जयकिशन सप्टेंबर १९७१ मध्ये निवर्तले. तरी ‘बेईमान’चे संगीत ‘शंकर-जयकिशन’ याच नावाने आले आणि त्याच नावाने फिल्मफेअर जिंकून गेले. हरलेल्यांत ‘पाकीजा’चे गुलाम मोहम्मद होते. दीर्घकाळ नौशाद यांचे सहायक राहिलेले हे गृहस्थ चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, १९६८ साली वारले होते.

२३/ ‘बेईमान’साठीच सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेल्या प्राण यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ तो नाकारला. त्यांचा त्यात काही लाभ नव्हता; त्यांच्याच चित्रपटाच्या विजयाविरुद्ध ते उभे राहिले. चाहत्यांच्या भांडणात नेमकी हीच गोष्ट दिसत नाही: आपल्या पक्षाच्या विजयावर प्रश्न विचारण्याची तयारी.

२४/ चाहत्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी दशकवार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला, तो केवळ आवडीच्या बळावर. सरकारी संस्था झोपल्या असताना रेकॉर्डी, पुस्तिका, जाहिराती जपल्या त्या वेड्या संग्राहकांनी. म्हणूनच ही तक्रार त्यांच्याकडे आहे: ज्यांच्यापाशी एवढी चिकाटी आहे, त्यांनी ती पायदानांच्या हिशेबात का घालवावी?

२५/ या वाद्यवृंदांतले बहुतेक वादक आज हयात नाहीत. स्वरलिपीचे कागद स्टुडिओ बंद होताना रद्दीत गेले. जे उरले ते घरांतल्या ट्रंकांत आहेत. कोणाचे संगीत श्रेष्ठ, हे ठरवायला पुढच्या पिढ्यांना भरपूर वेळ मिळेल, कारण गाणी टिकली आहेत. कोणी काय वाजवले, हे सांगणारी माणसे मात्र टिकणारी नाहीत. ‘कोण मोठा?’ विचारण्यापूर्वी ‘कोण कोण होते?’ हे विचारून लिहून ठेवावे. तेवढाच वेळ हातात आहे.

(समाप्त)